उद्योगाला सवलत, गावाला काय? बुटीबोरी पट्ट्यातल्या एका उपसरपंचांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: गावाच्या शिवेला लागून औद्योगिक क्षेत्रात मोठा कारखाना उभा राहतोय. राज्य शासन त्याला काही वर्षं कोट्यवधींच्या सवलती देणार असल्याचं पेपरात आलं आहे. गावातून ट्रक जाणार, खोल्या भाड्याने जाणार, नळयोजनेवर ताण येणार. त्या सवलतीतला काही टक्का ग्रामपंचायतीला मिळू शकतो का, आणि मिळवायचा कसा?

आधी सरळ उत्तर. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत कंपनीला मिळणाऱ्या रकमेतला ठरावीक टक्का यजमान गावाला द्यावा, अशी तरतूद नाही. त्यामुळे 'अनुदानातला वाटा द्या' असा ठराव करून जिल्हा उद्योग केंद्रात दिलात, तर तो फायलीला लागेल आणि तिथेच राहील. पण याचा अर्थ गावाच्या हाती काही नाही असा नाही. वाटा मिळतो, तो दुसऱ्या दारांनी मिळतो, आणि त्या प्रत्येक दाराची वेळ ठरलेली आहे. माझं स्पष्ट मत आहे की कंपनीला किती मिळतंय यावर मागणी उभी करू नये. गावाची झीज किती होणार आहे, यावर उभी करावी. अनुदानाचा आकडा दाखवून मागितलं की समोरचा म्हणतो, ते शासनाने आम्हाला दिलंय. रस्त्याचं, पाण्याचं, कचऱ्याचं मोजमाप टेबलावर ठेवलं की त्याला ते मोजमाप खोडावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

सवलत म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घ्या, कारण गावात यावर फार गैरसमज असतात. ही योजना १९६४ पासून आहे. अलीकडच्या आवृत्त्या २००७, २०१३ आणि २०१९ च्या. मोठ्या उद्योगाला आगाऊ रोख रक्कम मिळत नाही. उत्पादन सुरू झाल्यावर कंपनीला पात्रता प्रमाणपत्र मिळतं. मग राज्यात विकलेल्या मालावर भरलेल्या राज्य वस्तू व सेवा कराशी जोडलेलं औद्योगिक प्रोत्साहन अनुदान दरवर्षी दावा करून मिळतं. वीज शुल्क माफी आणि मुद्रांक शुल्क माफी हे आणखी दोन मोठे भाग. तालुका कोणत्या गटात मोडतो यावर टक्केवारी आणि वर्षं ठरतात. विशाल प्रकल्पांना वेगळं, त्यांच्यापुरतं पॅकेज मंजूर होतं.

या यादीत गावाचा मालमत्ता कर कुठेही नाही. सवलत राज्याच्या उत्पन्नातून दिली जाते, ग्रामपंचायतीच्या नव्हे. म्हणून 'आम्हाला शासनाने करमाफी दिली आहे' असं कंपनीचा माणूस मोघम बोलला तर लेखी आदेश मागा. मुद्रांक शुल्काच्या बाबतीत एक गोष्ट तपासा. जमिनीच्या हस्तांतरणावर जिल्हा परिषद कायद्यानुसार एक टक्का जादा मुद्रांक शुल्क असतं, आणि ते जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीकडे अनुदान म्हणून येतं. दस्तावर हा एक टक्का घेतला आहे की तोही माफीत गेला आहे, हे दस्ताच्या नकलेवरून कळतं. रक्कम मोठी असू शकते आणि गावाकडून सहसा कोणी पाहत नाही.

पहिलं काम: कागद गोळा करणं

कंपनीचं मंजुरीपत्र, पात्रता प्रमाणपत्र, वर्षवार मंजूर झालेलं अनुदान आणि कंपनीने दिलेलं रोजगाराचं विवरण, ही चार कागदपत्रं उद्योग विभागाकडे असतात. नागपुरात यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. चारही गोष्टी लांबलचक तक्रारीसह एका अर्जात कोंबल्या की अर्ज तिथेच अडतो. दोन अर्ज करा: एक सवलतीच्या आदेशांचा, दुसरा रोजगार विवरणाचा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

'व्यापारी गोपनीयता' हे कारण देऊन माहिती नाकारली जाण्याची शक्यता बरीच असते. त्यावर उत्तर कायद्यातच आहे. कलम ४(१)(ख) प्रमाणे अनुदान कार्यक्रमांचे लाभार्थी, त्यांच्या रकमा आणि सवलती मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. पहिल्या अपिलात एवढाच मुद्दा मांडा, भाषण नको. ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, आणि तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.

दुसरा रस्ता याहून जवळचा आहे. कंपनीची वार्षिक विवरणं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कोणालाही पाहता येतात. ताळेबंदाच्या टिपांमध्ये 'शासकीय अनुदान' या नावाखाली त्या वर्षी येणं धरलेली रक्कम सापडते. गावातल्या एखाद्या बीकॉम झालेल्या पोराला बसवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मालमत्ता कर: हक्काचा, पण लहान

हा कर कोणाच्या मेहरबानीचा नाही, म्हणून इथून सुरुवात करा. औद्योगिक क्षेत्रात तो औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) गोळा करतं आणि अर्धा वाटा ग्रामपंचायतीकडे येतो. उरलेला अर्धा त्या क्षेत्राच्या पायाभूत सुविधांसाठी राहतो. कारखाना औद्योगिक क्षेत्राबाहेर, गावाच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायत थेट आकारणी करते.

आकारणी भांडवली मूल्यावर होते. इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि या बेरजेला वापराचा भारांक. औद्योगिक वापराला भारांक १.२० आहे. समजा शेड १०,००० चौरस मीटर, जमिनीचा दर १,५०० रुपये, बांधकामाचा १५,००० रुपये, इमारत नवी म्हणून घसारा १. बेरीज १६ कोटी ५० लाख. भारांकासह १९ कोटी ८० लाख. हजारी १ रुपया दर धरला तर वर्षाचा कर १ लाख ९८ हजार, आणि गावाचा अर्धा वाटा ९९ हजार. दर मी उदाहरणापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे मूल्यदर तक्त्यातून घ्या. पण आकड्याचा आवाका लक्षात घ्या: कंपनीची सवलत कोटीत, गावाचा कर लाखात. नुसत्या करावर समाधान मानून चालणार नाही, आणि तो सोडूनही चालणार नाही.

गळती कुठे होते ते सांगतो. पहिल्या आकारणीच्या वेळी मुख्य शेड नोंदली जाते. दोन वर्षांनी मागच्या बाजूला गोदाम उभं राहतं, मग कँटीन, मग दुसरी शेड. नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, मात्र तशीच राहते. वरच्याच उदाहरणात ३,००० चौरस मीटर वाढीव बांधकाम नोंदायचं राहिलं तर वर्षाला ५९,४०० रुपयांचा कर बुडतो, आणि फेरआकारणी चार वर्षांनी होते म्हणून एका फेरीत २ लाख ३७ हजार ६०० रुपये. उपाय साधा आहे. बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यांची यादी दरवर्षी एप्रिलमध्ये महामंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाकडून ठराव करून मागवायची, नमुना ८ शी ओळ न ओळ ताडून पाहायची. उपग्रह नकाशावर शेडची लांबी-रुंदी मोजून ताळा घेता येतो.

औद्योगिक क्षेत्राबाहेरच्या कारखान्याशी ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ खाली करांऐवजी ठोक अंशदानाचा करार करता येतो. मी असा करार सहसा सुचवत नाही. केलाच तर दोन अटींशिवाय सही करू नका: दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढ, आणि बांधकाम वाढलं की रक्कम वाढणार. या अटी नसलेला करार दहा वर्षांनी गावाच्या गळ्यात पडतो. कारखाना तिप्पट झालेला असतो आणि अंशदान पहिल्या दिवसाचंच. मंजुरीचा क्रम गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

आणखी एक. तुमचं गाव उद्या नगरपरिषदेत गेलं, बुटीबोरी आणि वानाडोंगरी गेल्या तसं, तर कराचा कायदाच बदलतो. त्यामुळे कंपनीशी कोणताही करार करताना 'ग्रामपंचायत अथवा तिच्या जागी येणारी स्थानिक स्वराज्य संस्था' हे शब्द घाला.

झिजेचं मोजमाप

इथे वेळ घाला, कारण पुढची सगळी बोलणी यावर उभी राहतात. कारखान्याचं बांधकाम सुरू होण्याआधीची स्थिती एकदा हातची गेली की परत मोजता येत नाही.

रस्ता घ्या. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावरचा गावरस्ता ट्रॅक्टर, एसटी आणि दुधाच्या टेम्पोसाठी बांधलेला असतो. रस्त्याची झीज आसावरच्या (ॲक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते: दहा टनांचा आस पाच टनांच्या आसापेक्षा दुप्पट नाही, सोळा पट नुकसान करतो. म्हणून 'दिवसाला फक्त वीस ट्रक' हे वाक्य ऐकून मान डोलवू नका. सलग सात दिवस, चोवीस तास वाहनगणना करा. वहीचं पान असं आखा: तासाचा रकाना, मग दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर, दोन आसांचा ट्रक, तीन आसांचा, त्याहून मोठा, भरलेला आणि रिकामा वेगळा. प्रत्येक पाळीत दोन माणसं, पानाच्या खाली दोघांच्या सह्या. हीच गणना कारखाना सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी परत करा. सोबत दर शंभर मीटरवर रस्त्याचा फोटो, कडेला मोजपट्टी ठेवून. पांदण रस्ते विसरू नका. मुख्य रस्त्यावर कोंडी झाली की टिप्परवाले पांदण शोधतात, आणि एका पावसाळ्यात शेतकऱ्याची बंडी जाईना इतका चिखल होतो.

पाणी. गावातल्या सार्वजनिक विहिरी आणि निवडक दहा-बारा बोअर यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चार महिन्यांत मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्याशी जुळवता येतात. दोरीला वजन बांधून, ओल कुठवर आली ते टेपने मोजलं तरी चालतं. मात्र प्रत्येक वेळी विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेपासून मोजा. पाण्याचे नमुने जिल्हा प्रयोगशाळेतून एकदा सुरुवातीलाच तपासून घ्या. कारखान्याचा नाला ज्या ओढ्याला मिळतो, त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन नमुने. फक्त खालचा घेतला तर उद्या 'आधीपासूनच असं होतं' हे उत्तर तयार असतं.

भाडेकरू. हा भार सगळ्यात मोठा असतो आणि कुठल्याच कागदावर दिसत नाही. जलजीवन मिशनची योजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरून आखली जाते. गावात १,५०० भाडेकरू आले तर रोज ८२,५०० लिटर जादा लागतील, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीसाठी लोकसंख्या धरली ती २०११ च्या जनगणनेची. म्हणजे पाणी त्यांना द्यायचं, कचरा त्यांचा उचलायचा, आणि निधी मात्र त्यांच्याशिवाय मोजलेला. म्हणून खोल्यांची आणि राहणाऱ्यांची गणना ग्रामपंचायतीने स्वतः करावी, दर सहा महिन्यांनी. खोल्या बांधणाऱ्यांची नमुना ८ मधली नोंदही त्याच वेळी सुधारते. गावातल्या दहा बाय दहाच्या ओळीच्या ओळी कित्येकदा 'राहतं घर' म्हणूनच लागलेल्या असतात.

हे तिन्ही आकडे आले की त्यांचं रुपयांत भाषांतर करा. रस्त्याच्या मजबुतीकरणाचा अंदाज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या दरसूचीने, पाण्याचा अंदाज पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्याकडून. कच्चे आकडे नकोत. अभियंत्याची सही असलेलं एक पान हे गावकऱ्यांच्या पाचशे सह्यांपेक्षा बोलणीत जास्त चालतं.

पर्यावरण मंजुरी: सगळ्यात मोलाचा दिवस

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असेल आणि जनसुनावणी असेल, तर त्या दिवसाइतकी ताकद गावाला पुन्हा मिळत नाही. (आधीच मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला जनसुनावणीतून सूट असू शकते, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयात आधी विचारून घ्या.) सूचना किमान ३० दिवस आधी निघते. अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत उपलब्ध असतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी घेतो, चित्रीकरण होतं, आणि शेवटी कार्यवृत्त तिथल्या तिथे लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं.

१ मे २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात कंपनीच्या पर्यावरण जबाबदारीसाठी भांडवली खर्चाचे टक्के ठरले होते: नव्या प्रकल्पाला १०० कोटींपर्यंत २ टक्के, पुढे उतरत उतरत १०,००० कोटींच्या वर पाव टक्का. ३० सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने ते टक्के गेले. आता जनसुनावणीत जे मुद्दे येतात आणि कंपनी जे कबूल करते, ते पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात रकमेसह आणि मुदतीसह घातलं जातं, आणि मंजुरीची अट बनतं. म्हणजे सुनावणीत जे बोललं गेलं नाही, ते अटीत येत नाही. तिथे 'गावाचा विकास करा' असं मोघम बोलून काही उपयोग नाही. 'अमुक चौकापासून अमुक नाल्यापर्यंत २.४ किलोमीटर रस्ता, या जाडीचा, पहिल्या उत्पादनाच्या आधी' असं बोला, आणि लेखी निवेदन देऊन पोच घ्या. वर सांगितलेलं मोजमाप इथे जोडायचं.

मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत ग्रामपंचायतीला मिळायला हवी. कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. तो मागवा, प्रत्येक अटीपुढे गावातली प्रत्यक्ष स्थिती लिहा, आणि तफावत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपुरातल्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा.

सीएसआर (कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च): मिळेल, पण त्यावर विसंबू नका

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. सरासरी नफा ४० कोटी असेल तर ८० लाख, आणि ते कंपनीच्या सगळ्या ठिकाणच्या कारखान्यांमध्ये मिळून. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कलमात आहे, पण सक्ती म्हणून ते वसूल करता येत नाही. नवी कंपनी पहिली काही वर्षं तोट्यात असेल तर दोन टक्के शून्याचे.

तरी तीन गोष्टी कामाच्या आहेत. कंपनीचा वार्षिक कृती आराखडा एप्रिलच्या आधी ठरतो, म्हणून प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीत गेला पाहिजे. दिवाळीनंतर ग्रामसभा, महिन्याभरात अंदाजपत्रक. दुसरं, या पैशातून उभी राहिलेली इमारत किंवा टाकी सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे ठेवता येते, आणि ग्रामपंचायत तशी आहे. ती कंपनीच्या किंवा कुणा खासगी मंडळाच्या नावावर राहू देऊ नका. तिसरं सर्वात महत्त्वाचं: कायद्याने बंधनकारक असलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. पर्यावरण मंजुरीतला रस्ता बांधून 'हा आमचा सीएसआर' असा फलक लावला, तर तोच खर्च दोनदा मोजला जातोय. फलकाचा फोटो काढा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सीएसआर अहवालाशी ताडून पाहा.

खाणपट्ट्यातल्या गावांसाठी

प्रश्न बुटीबोरीचा असला तरी उमरेड, सावनेर, पारशिवनी, रामटेककडची गावंही हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांच्याकडे जास्त मजबूत साधन आहे. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधित भागासाठी खर्च करणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी रक्कम खाणधारक भरतो. कोळशावर स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के. टनाला २,००० रुपये किंमत धरली तर स्वामित्वधन २८० रुपये आणि त्यावर ३० टक्के म्हणजे ८४ रुपये. वर्षाला पाच लाख टन काढणाऱ्या खाणीमागे ४ कोटी २० लाख. वेकोलि (कोळशाची सरकारी कंपनी) आणि मॉयल (मँगनीजची) दोन्ही नागपुरात बसतात, त्यामुळे कागद फार लांब नाहीत. पहिली गोष्ट एकच: बाधित गावांच्या यादीत गावाचं नाव आहे का, ते पाहा. नाव नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ.

राज्याकडे धोरणात बदल मागायचा असेल तर हेच उदाहरण पुढे करा. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणातही प्रकल्पाच्या १ टक्का मोफत विजेतून स्थानिक क्षेत्र विकास निधी आणि बाधित कुटुंबाला दहा वर्षं दरमहा १०० युनिट वीज असं आहे. खाण आणि जलविद्युत यांना लागू असलेलं तत्त्व कारखान्यांच्या अनुदानाला लागू करा, ही मागणी न्याय्य आहे. तुमच्या आमदारांमार्फत ती मांडायलाच हवी. मात्र तुमच्या या कारखान्यापुरती तिची वाट पाहू नका.

नोकऱ्या

गावात सगळ्यात आधी हाच विषय निघतो आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयाप्रमाणे पर्यवेक्षकीय पदांत किमान ५० टक्के आणि इतर पदांत किमान ८० टक्के स्थानिक असावेत. पण इथे 'स्थानिक' म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहणारा. कोल्हापूरचा माणूसही स्थानिक. तुमच्या गावचा एकही मुलगा न घेता कंपनी ही अट पूर्ण करू शकते. आणि गावासाठी टक्का राखून ठेवायची अट करारात घातली तर ती टिकेल असं समजू नका. हरियाणाचा ७५ टक्के स्थानिक नोकऱ्यांचा कायदाच नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला.

त्यापेक्षा प्रक्रिया बांधून घ्या. प्रत्येक भरतीची सूचना, कंत्राटदाराच्या भरतीसह, पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर. कोणत्या ट्रेडची किती माणसं पुढच्या दोन वर्षांत लागतील, याचं पत्र आताच. म्हणजे मुलं जुलैच्या आयटीआय प्रवेशाला योग्य ट्रेड घेतील. आणि शिकाऊ उमेदवार: तीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला कंत्राटी धरून मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. ४०० जणांच्या कारखान्यात किमान दहा, जास्तीत जास्त साठ. कंपनीला हवेच असतात, फक्त गावातून नावनोंदणी झालेली नसते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर दोन दिवस बसून सगळ्या मुलांची पोर्टलवर नोंदणी करून टाका.

करार कसा असावा

करार ग्रामपंचायत आणि कंपनी यांच्यात, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक साक्षीला. मुदत कंपनीच्या पात्रता प्रमाणपत्राइतकी. जितकी वर्षं ती सवलत घेणार, तितकी वर्षं गावाशी बांधील. कंपनी विकली गेली तर नवा मालक बांधील. पैसा ग्रामनिधीत, वेगळ्या खात्यात, लेखापरीक्षणासह. रोख रक्कम कोणाच्याही हातात नको, मंदिराच्या बांधकामालाही नको.

वाटणी एकट्या तुमच्या गावाची नाही, हेही मान्य करा. जमीन एका गावची जाते, ट्रक दुसऱ्यातून जातात, आणि सांडपाणी वेणा नदीच्या खालच्या तिसऱ्याच गावाला भोगावं लागतं. गावं आपसात भांडली की कंपनी एकेकाशी स्वस्तात मिटवते. माझ्या मते चाळीस टक्के गेलेल्या जमिनीवर, तीस टक्के वाहतुकीच्या भारावर, तीस टक्के पाणी आणि भाडेकरूंच्या भारावर अशी वाटणी बहुतेकांना पटते. आकडे बदला, पण कंपनीशी बोलायला जाण्याआधी गावागावांत लेखी ठरवा.

ग्रामसभेचा ठराव निर्दोष हवा. सात दिवस आधी सूचना, गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. हजेरीपटावर सह्या कमी आणि ठराव 'एकमताने', असं असलं की एकच विरोधक वर तक्रार करून सगळं अडवू शकतो.

शेवटी एक सावधगिरी, जी मला मनापासून सांगायची आहे. ना-हरकत अडवून त्या बदल्यात पैसे किंवा नोकऱ्या मागू नका. औद्योगिक क्षेत्रातल्या भूखंडाला बहुतेक परवानग्या महामंडळ देतं, त्यामुळे त्या अडवणुकीत बळ कमी आणि धोका फार. तक्रार झाली तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली सरपंच, उपसरपंचाचं पद जाऊ शकतं, आणि लाचलुचपतीचा गुन्हा झाला तर गावाची रास्त मागणीही त्याच्याखाली गाडली जाते. तुमची बाजू बरोबर आहे. ती मोजमाप, ठराव आणि तारखेची पोच यांवरच चालवा.

आताच्या आता करायचं ते एवढं: वाहनगणनेच्या वह्या आखा, विहिरींच्या काठावर खुणा करा आणि माहिती अधिकाराचे दोन अर्ज या आठवड्यात टाका. कारखान्याच्या भूखंडावर जेसीबी लागायच्या आधी गणनेचे सात दिवस पूर्ण व्हायला हवेत. सगळ्याची एक प्रत ग्रामसेवकाच्या दप्तरात आणि दुसरी ग्रामपंचायतीबाहेर कोणाकडे तरी ठेवा, कारण ग्रामसेवकाची बदली होते आणि पाच वर्षांनी पदाधिकारीही बदलतात.